फिनचा स्प्रिंग स्ट्रॅप घरी करायचाय? आधी टोकं बघा, स्प्रिंग नंतर

प्रश्न पुण्याच्या एका दादांचा आहे, थोडक्यात असा. त्यांनी स्कूबा डाइव्हिंगसाठी जुने जड रबरी फिन्स, म्हणजे पाण्यात पायात घालायची पाती, सेकंडहँड घेतले, ओपन हीलवाले, म्हणजे टाच उघडी ठेवणारे, आणि टाचेमागचा रबरी पट्टा दोनदा तुटला. दुसऱ्यांदा तर नेत्राणी बेटाला बोटीवरच तुटला आणि दुसरा डाइव्ह हातचा गेला. रबराऐवजी स्प्रिंगचा पट्टा, म्हणजे स्प्रिंग स्ट्रॅप, त्याची तयार जोडी पाच-सहा हजार सांगतायत, आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात तश्शीच चकचकीत स्प्रिंग दोनशेला मिळतेय. तर ती किती लांब घेऊ, आणि बुलेटच्या साइड स्टँडची स्प्रिंग लावली तर चालेल का?

साइड स्टँडचं आधी संपवतो. नाही चालणार. ती साध्या स्टीलची असते, वर फक्त मुलामा, समुद्राच्या पाण्यात आठवड्यात तपकिरी होईल. आणि ती इतकी कडक असते की टाचेमागे चढवताना तुम्हीच होडीतून खाली पडाल. गाडीची गाडीलाच राहू दे.

आता मूळ गोष्ट. मी मालवणचा, पंधरा-एक वर्षं हेच काम करतोय, आधी सिलेंडर उचलणारा पोरगा म्हणून आणि आता शिकवणारा म्हणून. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी आम्हाला बंद, त्यामुळे पावसाळा म्हणजे घराच्या पडवीत सगळं सामान पसरून दुरुस्त करत बसायचं. स्प्रिंग स्ट्रॅप मी त्याच पडवीत करायला शिकलो, पहिले तीन जोड वाया घालवून. आणि त्यातून कळलं ते हे की "कुठली स्प्रिंग, किती लांब" हा प्रश्न सगळे आधी विचारतात पण तो दुसरा प्रश्न आहे. स्प्रिंग मधे सहसा तुटत नाही हो, ती टोकाला तुटते, जिथे हूक वाकवलेला असतो तिथे. म्हणून आधी टोक कसं करणार ते ठरवायचं, आणि टोक तुटलंच तर फिन पायात राहील का ते ठरवायचं, मग बाकीचं माप.

त्याच्याही आधी एक सांगतो, रागावू नका. वर्षाला दहा-पंधरा डाइव्ह करत असाल तर कदाचित तुम्हाला स्प्रिंगची गरजच नाही. रबरी पट्टा काही एकदम तुटत नाही, तो महिनाभर आधी सांगत असतो. बकलपाशी जिथे तो दुमडतो तिथे अंगठ्याने वाकवून बघा, बारीक बारीक चिरा दिसल्या की त्याचे दिवस भरले. ऊन आणि हवेतला ओझोन त्याला खातात, आणि पुण्यात बाल्कनीत वाळत घालून ठेवला असेल तर मग विचारायलाच नको. एक जादा पट्टा बॅगेत ठेवला आणि ट्रिपच्या आदल्या रात्री जुना तपासला तर काम भागतं. माझ्या ओळखीतले अर्धे लोक एवढ्यावरच खूश आहेत.

पण स्प्रिंगचा खरा फायदा टिकाऊपणात नाहीच, तो पाण्याखाली कळतो. फिनच्या आत पायात घालता ती तुमची बूट म्हणजे निओप्रीन, म्हणजे आत बारीक बुडबुडे असलेलं रबर. वर दाब एक बार, दहा मीटरवर दोन बार, म्हणजे बुडबुड्यातली हवा निम्म्या जागेत दाबली जाते आणि पाच मिमीची बूट खाली गेल्यावर पातळ होते. वर होडीत घट्ट ओढलेला रबरी पट्टा त्यामुळे खाली जरा सैल पडतो, फिन पायात डुगडुगतो, आणि माणूस पुढच्या वेळी वर असतानाच पट्टा आणखी आवळतो, मग पोटरीत गोळा येतो आणि तो म्हणतो फिन जड आहे. स्प्रिंग तेवढी ढिलाई आपोआप खाऊन टाकते. शिवाय बकल नाही, लाटेत शिडीला एका हाताने धरून दुसऱ्या हाताचा अंगठा पट्ट्याच्या मागच्या लूपमध्ये घातला की फिन निघाला. हे ज्याने खवळलेल्या पाण्यात शिडी चढली आहे त्याला समजावून सांगायला नको.

आता धातू. दुकानदार "एसएस आहे साहेब" म्हणेल, म्हणजे स्टेनलेस स्टील. तीन प्रकार तुमच्यासमोर येतील आणि तिन्ही दिसायला सारखेच. एक, साधं स्टील वर झिंकचा मुलामा. दोन, ३०४ जातीचं स्टेनलेस, ज्याची भांडी असतात. तीन, ३१६, ज्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि तेच खाऱ्या पाण्यात कामाला येतं. लोक काय करतात, खिशातून मॅग्नेट काढतात आणि लावून बघतात. भांड्याला ही परीक्षा चालेल, स्प्रिंगला नाही. कारण स्प्रिंगची तार थंडच ओढून ओढून बारीक केलेली असते आणि त्या ओढण्याने ३०४ लासुद्धा मॅग्नेट चिकटायला लागतो. म्हणजे चिकटला म्हणून ती साधी असं नाही, आणि दुकानदार खोटं बोलतोय असंही नाही. स्क्रॅपवाल्यांकडे मॉलिब्डेनम ओळखायचे थेंब असतात, रंग बदलतो, ओळखीचा कोणी असेल तर दोन थेंब मागून घ्या. नसेल तर माझी गावठी पद्धत: बरणीत समुद्राचं पाणी घ्यायचं, तुकडा अर्धा बुडवायचा अर्धा बाहेर, आणि खिडकीत पंधरा दिवस विसरून जायचं. पुण्यात समुद्र नाही म्हणून मिठाचं पाणी केलं तरी हरकत नाही, लिटरला पस्तीस ग्रॅम. मुलाम्याचं स्टील दोन-चार दिवसात कापलेल्या टोकाला गंजतं. ३०४ आणि ३१६ मधला फरक मात्र या बरणीत कळेलच असं नाही, तो एका मोसमात कळतो.

म्हणजे ३०४ टाकाऊ आहे का? तसं नाही. गोड्या पाण्याने धुऊन, उघड्यावर वाळवत असाल तर ३०४ ची स्प्रिंग दोन-तीन वर्षं सहज जाते, वर चहाचे डाग पडल्यासारखे पडतात तेवढेच, चोळले की जातात. मी फसलो ते वेगळ्याच कारणाने. टाचेला टोचू नये म्हणून मी पूर्ण स्प्रिंगवर प्लास्टिकची घट्ट नळी चढवली होती, दिसायला अगदी कंपनीचा माल. पावसाळ्यात तशीच पेटीत ठेवली. ऑक्टोबरात नळी कापली तर आत वेढ्यावेढ्यांमधे सुईने टोचल्यासारखे काळे खड्डे, आणि नखाने खरवडलं तर आणखी खोल. स्टेनलेसला गंज न लागू देणारा जो पातळ थर असतो तो हवेतल्या नाहीतर पाण्यातल्या ऑक्सिजनवर टिकतो. नळीच्या आत खारं पाणी अडकून बसलं, ऑक्सिजन संपला, थर गेला. त्यामुळे आता माझा नियम, आवरण फक्त टाचेपुरतं, दहा-बारा सेंमी, तेही सैल आणि दोन्ही बाजूंनी उघडं.

आता टोकं, म्हणजे ज्यासाठी एवढं लिहायला बसलो.

माझ्या पहिल्या जोडाला मी टोकाचा एक वेढा पकडीने धरून सरळ काटकोनात वर उचलला आणि हूक म्हणून वापरला. सोपं काम, पाच मिनिटांचं. आमची होडी चालवणाऱ्या तांडेलाने हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "ह्या काय टिकाचा नाय." त्याला स्प्रिंगमधलं काय कळतंय असं मला वाटलं. पण त्याचं आयुष्य गळ आणि तंगूस बांधण्यात गेलेलं, कुठे ताण येतो ते त्याला डोळ्याने दिसतं. महिनाभर चाललं. मग एक दिवस बॅकरोल मारला, म्हणजे होडीच्या काठावरून पाठीवर उलटा पडलो, पाण्यात आपटलो, सरळ झालो, पाय मारला आणि डाव्या पायाला काहीच लागेना. रबरी फिन जड, तो दगडासारखा खाली. नशिबाने तळ वाळूचा होता, नऊ मीटरवर पडलेला दिसला, पण सोबत दोन शिकाऊ होते आणि त्यांच्यासमोर एका फिनवर बेडकासारखा पोहत तो आणायला गेलो, ती गजाल अजून होडीवर चालते.

घरी येऊन तुटलेला हूक भिंगाखाली धरला. तुटलेली जागा बरोबर तिथे होती जिथे वेढा अंगापासून वर वळतो. आणि त्या वळणाच्या आतल्या अंगाला पकडीच्या दातांचे तीन ओरखडे, एकाशेजारी एक. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग तपकिरी होता आणि अर्धा ताजा चकचकीत. म्हणजे चीर केव्हाच पडली होती, त्या दातांच्या खुणेतून सुरू झाली होती, खारं पाणी तिच्यात जात होतं, आणि मी रोज पायात घालून फिरत होतो. त्या दिवशी फक्त उरलेला अर्धा तुटला.

कारण साधं आहे. स्प्रिंगच्या अंगातली तार पिळली जाते, आणि पीळ सगळ्या वेढ्यांत सारखा वाटला जातो, दीडशे वेढे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच. पण हूकाच्या मुळाशी तार पिळली जात नाही, वाकवली जाते, आणि तीही एकाच ठिकाणी. तिथे वळण जितकं तीव्र तितकं वाईट.

म्हणून पर्याय असे. सगळ्यात चांगला म्हणजे स्प्रिंगवाल्याकडून टोकं निमुळती करून घेणं. शेवटचे चार-पाच वेढे हळूहळू लहान होत जातात, आणि त्यांच्या आत एक वेगळा डोळा, म्हणजे अडकवायला भोक असलेला तुकडा, बसवतात, ज्याचं डोकं आतून मोठं असतं म्हणून ते बाहेर येत नाही. तो गोल फिरतोही, त्यामुळे स्प्रिंगला पीळ पडत नाही. इथे तार कुठे काटकोनात वाकतच नाही. पुण्यात आहात तर तुम्ही नशीबवान, भोसरी भागात स्प्रिंग करणारे आहेत, आम्हाला त्यासाठी कोल्हापूर नाहीतर मुंबईची नागदेवी स्ट्रीट. अडचण एवढीच की दोन नगांसाठी कोणी मशीन लावत नाही, चार-पाच डाइव्हर मित्र गोळा करून वीसेक नगांची ऑर्डर द्या, मग ते ऐकतात. कागदावर चित्र काढून न्या, मापं लिहून. आणि वळवल्यावर भट्टीत ठेवतात का ते विचारा, तीनशे-साडेतीनशे अंशाला अर्धा तास, त्याने वळवतानाचा ताण निघून जातो. चांगला कारागीर असेल तर हा प्रश्न ऐकून तो तुमच्याशी नीट बोलायला लागतो.

दुसरा पर्याय घरगुती. तयार लांब स्प्रिंग मिळाली असेल तर टोकाचा एक नाही, दोन वेढे एकत्र वर उचला, म्हणजे भार दोन वळशांवर जातो. पकडीच्या तोंडाला चामडं नाहीतर तांब्याचा पत्रा लावा, ओरखडा अजिबात नको. आणि वळण काटकोनात खुपसू नका, निदान तारेच्या जाडीएवढी गोलाई राहू दे, त्यासाठी मी वेढ्यांमधे एक खिळा आडवा ठेवून त्याच्यावरून वाकवतो. डोळ्याला चष्मा लावा हो, तार सुटली तर ती तोंडाकडेच येते.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका, वाकत नाही म्हणून गॅसवर टोक लाल करणं. ही तार थंड ओढून कडक झालेली असते, लाल झाली की कडकपणा गेला तो गेलाच, नंतर पाण्यात विझवून परत येत नाही, हे काही कोयत्याचं पोलाद नाही. तुमचा हूक सुंदर वाकेल आणि पहिल्याच डाइव्हला सरळ होईल.

टोक कितीही चांगलं केलं तरी मी आता आतली दोरी घातल्याशिवाय स्ट्रॅप पायात घालत नाही. स्प्रिंगच्या पोकळीतून २ मिमीची डायनिमा (खूप मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी न्यायची आणि दोन्ही बाजूंना फिनला जोडणाऱ्या ज्या कडीत स्प्रिंगचा डोळा अडकतो त्याच कडीत ती बांधायची, डोळ्यात नाही, कडीत. ती एरवी आत सैल पडून असते. तिची दोन कामं. एक, हूक तुटला तर फिन दोरीवर लटकून राहतो, ढिला होईल पण जाणार नाही. दोन, कोणी जोर लावून स्प्रिंग मर्यादेबाहेर ओढली तर दोरी ताणून थांबवते, नाहीतर वेढे कायमचे उघडे पडतात. डायनिमा गुळगुळीत असते, साधी गाठ सरकते, म्हणून शेपूट लांब ठेवा आणि गाठीवर गाठ मारा, किंवा जाळं विणणारा कोणी ओळखीचा असेल तर त्याला द्या, तो दोन मिनिटात अशी बांधेल की तुम्हाला सोडवता येणार नाही.

इथपर्यंतचं एका दमात: धातू शक्यतो ३१६, टोक निमुळतं नाहीतर दुहेरी वेढ्याचं, आत दोरी, आवरण फक्त टाचेला. आता तुमचा मूळ प्रश्न, किती लांब.

माप बूट घालूनच घ्यायचं, मोज्यावर नाही, अनवाणी तर नाहीच. पाय फिनमध्ये पूर्ण खुपसा, आणि सुतळी एका बाजूच्या खुंटीपासून टाचेमागून दुसऱ्या बाजूच्या खुंटीपर्यंत फिरवा, खुंटी म्हणजे फिनच्या बाजूला बकल ज्यावर बसतं तो गट्टू. माझं उदाहरण देतो, नऊ नंबरची पाच मिमीची बूट, माप आलं ३२ सेंमी. दोन्हीकडच्या कड्या आणि डोळे मिळून ५ सेंमी, म्हणजे घातलेल्या अवस्थेत स्प्रिंगच्या वाट्याला २७ उरले. ती घातल्यावर साडेचार सेंमी ताणलेली हवी, म्हणून न ताणलेली लांबी साडेबावीस. तुमचा आकडा वेगळा येईल, हाच उचलू नका. आणि चढवताना टाचेवरून जायला आणखी आठ-नऊ सेंमी ताण लागतो, आतली दोरी तेवढी लांब पाहिजे, नाहीतर फिन पायात जाणारच नाही, हेही मी एकदा केलंय, बांधून झाल्यावर.

तार माझी दीड मिमीची, वेढ्याचा बाहेरचा व्यास साडेबारा मिमी, वेढे एकमेकांना चिकटलेले, म्हणजे साडेबावीस सेंमीत साधारण दीडशे वेढे. या मापाला घातलेल्या अवस्थेत एका बाजूला साधारण दोन किलोची ओढ येते, दोन्ही बाजू मिळून चार. मला ती बरोबर वाटते. लांब पाय मारणाऱ्याला किंवा प्रवाहात काम करणाऱ्याला जरा जास्त चालेल, पण दोन्ही बाजू मिळून सहा किलोच्या पुढे गेलात तर तासाभराने टाचेच्या शिरेवर वळ उठतो.

आणि इथे एक सापळा आहे. दुकानदार म्हणेल दीड नाही साहेब, एक पॉइंट सहा आहे, तेवढ्याने काय होतंय. होतं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यात तार जाड म्हणजे तेवढ्याच लांबीत वेढे कमी बसतात, आणि कमी वेढे म्हणजे आणखी कडक. दीडच्या ऐवजी १.६ घेतली आणि बाहेरचा व्यास, लांबी तीच ठेवली तर हिशोबाने कडकपणा चाळीस टक्क्यांच्या वर जातो. केसाएवढ्या जाडीचा फरक आणि हातात घेतल्यावर वेगळीच वस्तू. म्हणून दुकानात जाताना तारेची जाडी मोजायला व्हर्नियर घेऊन जा, लाज वाटू देऊ नका. उलट व्यास वाढला की स्प्रिंग मऊ होते, तिथे तिसरा घात, त्यामुळे जाड तार मिळाली तर मोठ्या व्यासाची घेऊन जुळवता येतं, पण मग ती टाचेमागे दोरखंडासारखी दिसते.

आकडेमोड नको असेल तर विमानाच्या बॅगा तोलायचा छोटा डिजिटल काटा असतो ना, तो घ्या. स्प्रिंगचं एक टोक खिडकीच्या गजाला अडकवा, दुसऱ्याला काटा, आणि साडेचार सेंमी ताण येईपर्यंत ओढा, पट्टी शेजारी धरून. दीड ते अडीच किलोच्या मधे आकडा आला तर घ्या. दोन्ही फिनच्या स्प्रिंगा शेजारी शेजारी मोजा, कारण एकाच डब्यातल्या दोन स्प्रिंगा सारख्या असतीलच असं नाही, आणि एक पाय घट्ट एक सैल असला की माणूस गोल गोल फिरतो असं मी म्हणत नाही, पण चिडचिड नक्की होते.

टाचेचं आवरण. उघडी स्प्रिंग बुटीचं निओप्रीन चिमटते, आणि वरच्या बाजूला पाय उघडा असेल तर केससुद्धा, तो अनुभव एकदा पुरतो. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा वापरायचो, स्वस्त आणि मऊ, पण वर्षात चिकट होतो. आता नायलॉनची पोकळ पट्टी वापरतो, जी ट्रेकिंगवाले वापरतात, त्यात स्प्रिंग सैलसर सरकते. तिच्यावरच मागे अंगठ्यासाठी लूप, २५ मिमीची पट्टी दुमडून. शिवायचं काम घरच्या मशीनवर करू नका, सुई तुटते आणि घरात बोलणी बसतात ती वेगळी. मोच्याकडे न्या, जाड नायलॉनचा दोरा द्या आणि चौकोन करून आत फुली मारायला सांगा, बॅगेच्या पट्ट्याला असते तशी. आमच्या बाजारातल्या मोच्याने पहिल्यांदा विचारलं हे कुठल्या जनावराचं आहे.

आता फिनला जोडायचं कसं, आणि हे मात्र पूर्ण तुमच्या फिनवर अवलंबून आहे. जुन्या जड रबरी फिन्सना बहुतेक जाड खुंटी असते आणि तिच्या मानेत ४-५ मिमीची स्टेनलेसची क्विक लिंक (आट्यांनी बंद होणारी कडी) किंवा डी-शॅकल (पिनने बंद होणारी D आकाराची कडी) बसते, मग काम सोपं. काहींची मान उथळ असते, त्यात शॅकल तिरकी होऊन निसटते. तिथे मी ३ मिमीच्या स्टेनलेस वायररोपचा छोटा फास करतो आणि तांब्याच्या फेरूलने, म्हणजे छोट्या नळीने, दाबतो. ॲल्युमिनियमची फेरूल दुकानात सगळीकडे मिळते, पण खाऱ्या पाण्यात स्टेनलेसच्या संगतीत ॲल्युमिनियम पांढरी पूड होऊन संपतं, ती घेऊ नका. काही नव्या फिन्सना खुंटी नसतेच, कंपनीचं प्लास्टिकचं बकल आत अडकतं, तिथे त्याच बकलचं अर्धं तोंड वापरावं लागतं आणि मग सगळ्यात कमजोर कडी ते प्लास्टिकच राहतं. असे फिन्स असतील तर माझा सल्ला, घरी करायच्या नादाला लागू नका, त्या फिनसाठी बनवलेला तयारच घ्या, पाच हजार गेले तर गेले. शॅकलचा पिन हाताने आवळून सोडू नका, पकडीने आवळा आणि बारीक तारेने बांधून टाका, होडीच्या थरथरीने तो उघडतो. किल्ल्या अडकवायच्या गोल रिंगा तर कडी म्हणून बिलकुल नको, त्या गंजतात आणि ताणाखाली उघडतात.

झाल्यावर लगेच समुद्रात नेऊ नका. मी आधी पडवीत बसून पन्नास वेळा घालतो काढतो, टीव्ही बघत. मग हूक आणि आतली दोरी भिंगाखाली. मग आमच्या मागच्या विहिरीत, तुम्ही स्विमिंग पूलमध्ये, अर्धा तास जोरात पाय मारून. त्यात एक काम मुद्दाम करा, एका बाजूची स्प्रिंग कडीतून सोडून फक्त आतल्या दोरीवर फिन ठेवून पोहून बघा. फिन ढिला लागेल, पण राहतो का, आणि तसाच पोहत कडेला येता येतं का, हे तिथे कळलेलं बरं. पहिले चार-पाच डाइव्ह उथळ आणि प्रवाह नसलेल्या ठिकाणी, आणि बॅगेत जुना रबरी पट्टा बकलासकट राहू दे. माझ्या बॅगेत तो अजून असतो.

नंतरची देखभाल फार नाही. रोज गोड्या पाण्याने धुताना स्प्रिंग ताणून ताणून धुवायची, म्हणजे वेढ्यांमधलं मीठ निघतं. तेल ग्रीस काही लावू नका, वाळू धरतं आणि रबर खराब होतं. महिन्यातून एकदा टोकं बघायची, आणि एका जागी तपकिरी रेघ दिसली आणि ती चोळून गेली नाही की तो हूक बाद. आतली दोरी मी दरवर्षी पावसाळ्यात बदलतो, खराब झालेली नसली तरी, दोन मीटर दोरीचा काय तो खर्च.

एक राहिलंच. हे स्ट्रॅप स्वतःच्या पायासाठी करा. स्प्रिंग लांबीला बदलत नाही, ती एकाच पायाच्या एकाच बुटीला बसते. मी शिकवताना भाड्याच्या फिन्सना कधी लावत नाही, तिथे आठ नंबरचा एक येतो आणि अकराचा दुसरा, तिथे बकलचा रबरी पट्टाच बरा. आणि घरी केलेली वस्तू दुसऱ्याच्या पायात घालून त्याला पाण्यात पाठवणं ही वेगळीच जबाबदारी, ती मी घेत नाही.

तुम्ही फिनचा नाव-नंबर लिहिला नाहीये, म्हणून खुंटीचं नेमकं सांगता येत नाही. खुंटीचा एक फोटो बाजूने आणि एक वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि बूट घालून घेतलेलं सुतळीचं माप, एवढं पाठवा. मग शॅकल बसेल की फास करावा लागेल ते सांगतो. तोपर्यंत ती दोनशेची स्प्रिंग विकत घ्यायची असेल तर एकच घ्या, जोडी नको, आणि आधी बरणीत टाका.